आवरलेलं घर

मोतीबिंदू असता तर काढला असता,
यवतमाळचा डॉक्टर म्हणाला, हा काचबिंदू.
गेलं ते येत नाही.
त्याच्या टेबलावर पंख्यानं कागद फडफडत होते,
मी तेवढंच ऐकत बसले.

याला सहा वर्षं झाली.

अंगणवाडीत बावीस वर्षं पोरांना मोजायला शिकवलं,
एक चिंच, दोन चिंचा.
आता माझंच चालू आहे.
उंबऱ्यापासून रांजण सात पावलं,
रांजणापासून न्हाणी अकरा,
मधे एक फरशी डुगडुगते, ती डुगडुगली की वाट बरोबर.
शंभराच्या नोटेला एक घडी, पाचशेला दोन,
दोनशेची घेतच नाही, दिगांबर किराणावाल्याला सांगून ठेवलंय.
शेवंताच्या वावरात वेचणीला जाते.
बोंडांची टोकं बोटं ओरबाडतात,
पण कवडी कापूस बोटांना आधी कळतो.
शेवंता म्हणते, "बाई, तुह्या ओटीत काडी-कचरा नाई राहत."

दिवाळीला प्रफुल आला, बुटीबोरीहून.
चार दिवस घर धूत, पुसत होता.
"आई, किती हा पसारा," म्हणाला, मायेनंच.
डबे एका रांगेत लावले, मोठ्यापासून लहान,
रांजण परसात नेऊन टाकला, नवा माठ आणला तोटीचा,
बाज भिंतीला लावली.
जाताना पाया पडला.
बस फाट्यावर वळेपर्यंत मी दारात उभी होते.

मागे वळले
आणि आंधळी झाले.

सहा वर्षांत पहिल्यांदा.
रांजणाच्या जागी नुसती हवा.
दोन्ही हात पुढे धरून चालले, आपल्याच घरात,
सिनेमातल्या आंधळ्यांसारखी.
चहात मीठ पडलं. नडगी फुटली.
काठी खुंटीवर नव्हती. फोन लावला,
तर म्हणाला, "तिथंच तर आहे आई, समोर."

समोर.

"हो, सापडली," म्हणाले.
ती सापडली पाचव्या दिवशी, परसात, रांजणामागे.

आठ दिवस लागले सगळं परत विस्कटायला.
मीठ खिडकीत, चहा चुलीकडे, हळद खाली,
बाज आडवी.
दिगांबरच्या पोरानं रांजण ढकलत आणून जागेवर बसवला,
त्याला दोन लाडू दिले.
शेवंता दारातूनच ओरडली,
"पोट्ट्यानं एवढं चांगलं लावलं होतं, काहून मोडलं वं?"
"दिसत नव्हतं," म्हणाले.

एक प्लास्टिकचं स्टूल तेवढं राहिलं.
आईला मधे टेकायला म्हणून ठेवून गेलेला,
नेमकं वाटेत.
तीनदा लागलं, तीनदा त्याला शिव्या दिल्या,
उचलून बाहेर फेकणारच होते.
चौथ्यांदा पाय आपोआप थांबला.

आता उंबरा, चार पावलं, प्रफुल,
तीन पावलं, रांजण.