कर्नलला सांगायचं असतं

कुपवाड एमआयडीसी, रात्रीचे साडेनऊ.
शेजारच्या फाउंड्रीची शिफ्ट सुटली,
वास मात्र ओव्हरटाइमला थांबलाय.
मी कर्नलला सांगत बसलेय
की बाबा, तुझ्या अंगावर एक नेटवर्क कंट्रोलर आहे.

त्याला ठाऊक नसतं.
पेन ड्राइव्ह खोचला तर तो स्वतःच ओरडतो, मी अमुक, मी तमुक.
हा चिपच्या पोटातला. ओरडत नाही.
परक्याच्या लग्नात कोपरा धरून बसलेल्या माणसासारखा
कुणी नाव घेईपर्यंत पानावर येत नाही.

म्हणून नाव घ्यायचं.
आधी त्याचं नेमकं, मग घराण्याचं,
नेमका ड्रायव्हर नसलाच तर भावकीतला चालावा.
राहतो कुठे: एक लांबलचक आकडा.
जागा किती: गुंठ्यांत नाही, बाइटांत.
हाक मारायची तर कुठली तार ओढेल,
घड्याळ कुणाचं वापरतो,
रिसेटची पिन खाली ओढली की झोपतो की उठतो
(हे मी दोनदा उलटं लिहिलं).

या भाषेत विशेषणं नाहीत.
चांगला कंट्रोलर, असं लिहिता येत नाही.
त्यानं काय करावं, तेही नाही.
आहे ते. जिथे आहे तिथे.

बोर्ड तासगावला जाणार,
बेदाण्याच्या शीतगृहात, चार अंशांत,
खोक्यांच्या थप्पीमागे.
तिथे अण्णासो बिरनाळे दर तासाला
कानटोपी घालून आत जातात, पारा बघतात, वहीत लिहितात.
रात्री दोन ते पाचचे आकडे
वर्षभर एकाच हातानं, एकाच दमात लिहिलेले.
मी वही परत दिली, काही बोलले नाही.

आणि आज लिंक लागली.
हिरवा दिवा. एक गिगाबिट, म्हणाला.
पिंग पाठवला, उत्तर नाही.
पुन्हा पाठवला.
पाकिटं पोचतच होती, पण फुटलेली,
मोजणारा आकडा नुसता चढत होता
आणि दिवा हिरवाच.

बोर्ड नियाज सतारमेकरनं आखलेला.
मार्चपासून तो इथे नाही, मिरजेत, घरच्या दुकानात.
फोन उचलला तेव्हा मागे तंबोऱ्याची एकच तार
परत परत.
म्हटलं, घड्याळ आणि डेटा एकदमच येतायत रे.
घड्याळानं दोन नॅनोसेकंद मागं राहायला हवं.
तू बोर्डवर तार वळसा घालून नेली होतीस ना?
म्हणाला, नाही. मला वाटलं, चिपकडून करून घेशील.

मी लिहिलं होतं: चिपनं काही करू नये,
उशीर वाटेतच आहे.
माझ्या वर्णनात तो थांबलेला.
त्याच्या आराखड्यात मी.

मग न विचारताच जवारीचं सांगत बसला.
घोडीवर तारेखाली सुताचा धागा,
केसभर पुढं, केसभर मागं,
एके जागी तार मुकी, एके जागी बोलते.
अब्बांना विचारलं नेमका कुठं, तर म्हणतात, ऐक.
कागदावर नाही लिहून ठेवता येत गं हे.

माझ्याकडे येतं, मी म्हटलं.
एक आडवी रेघ आणि दोन अक्षरं.

लिहिली. बोर्ड बंद करून चालू केला.
चिप बनवणाऱ्यानं फाइलमध्ये जवळजवळ प्रत्येक यंत्रापुढे
'बंद' लिहूनच पाठवलेलं असतं.
त्याला कुठे माहीत, कुणाच्या बोर्डवर काय जोडलंय.
ज्यानं बघितलं त्यानं 'ठीक' लिहायचं.
ते मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, न बघता.

पिंगचं उत्तर आलं. मग दुसरं. मग येतच राहिलं.
फोन ठेवायचा राहिला होता.
तिकडे तार वाजली, थांबली,
बहुतेक धागा सरकवत असावा.
मी काही बोलले नाही,
ऐकत राहिले, लागते का.