सहाव्या गाण्यातली खुर्ची

ऋता फणसेचा दुसरा अल्बम आला
तेव्हा मी मांडवीत ढोलकीला शाई भरून घेत होतो.
फोनवर दिसलं : आठ गाणी, एकतीस मिनिटं.
वाद्यांच्या यादीत ढोलकी नाही.
ठाऊक होतं. तरी यादी पुन्हा वाचली,
दहावीच्या निकालात नापासाने नाव शोधावं तशी.

पहिल्यात मी होतो. सगळीकडे होतो.
त्यातल्या 'वळचणी'वर तीन नवरात्रं निघाली इथे.
कारेलीबागेच्या सोसायट्यांत
मराठीचा म सुद्धा न कळणाऱ्या पोरी
नेमक्या माझ्या तिहाईवर गिरकी घ्यायच्या.
ऋता स्टेजवरून हसायची,
खाली उतरून म्हणायची,
'यशा, ते गाणं आत्या गेली त्याचं आहे रे.'
मी म्हणायचो, असू दे. बसलंय चांगलं.

मग विश्वामित्री घरांत शिरली.
गाड्या बुडाल्या, मीटर बुडाले,
ऋताच्या जिन्यात वरून चौथ्या पायरीवर
दीड हाताची मगर दोन दिवस पडून होती.
वर ऋता, तिची आई,
बिस्किटांचा एक पुडा.
त्या दोन दिवसांची ही आठ गाणी.

मे महिन्यात म्हणाली, रेकॉर्डिंगला ये.
मी ढोलकी उचलली.
'ती नको. तू नुसता बस.
समोर कोणी नसलं की गाता येत नाही मला,
आणि वाजवणारा असला की मी लवकर संपवते.'

दांडिया बाजारातली खोली. आवाज येतो म्हणून पंखा बंद.
वेताच्या खुर्चीत मी,
दोन्ही पंजे मांडीखाली दाबून,
कारण बोटं ऐकत नव्हती.

सेव-उसळवाल्या किरीटभाईने गाडीवर लावून पाहिला,
दुसऱ्या मिनिटाला बंद :
'आमां तो कोई गातुंच नथी. बेन एकली बेठी छे.'
बरोबर ऐकलं होतं त्याने.
फडणीसकाका म्हणाले, शब्द आहेत, पण चाल कुठाय?
ऋताची मामी म्हणाली, घरातलं पाणी असं चारचौघांत काढतात का?
एकाने मलाच विचारलं, तुमचं भांडण झालं का हो?

रावपुऱ्यात छोटा कार्यक्रम झाला. साठ खुर्च्या, चाळीस माणसं.
मी शेवटच्या रांगेत, पहिल्यांदाच तिकीट काढून.
'पायरीवर पाहुणी आलीय, आई, आधण ठेवू का'
म्हटल्यावर लोक हसले.
दुसऱ्या कडव्यालाही हसले, पण जरा कमी.
तिसऱ्याला समा, फतेगंजकडचे जे होते
ते खाली, आपल्या पायांकडे बघायला लागले.
टाळ्या आल्या, पण उशिरा,
चप्पल शोधून मग निघावं तशा.

शेवटी कोणीतरी ओरडलंच, 'वळचण!'
तिने म्हटलं ते. सावकाश, नुसतं.
एक पोरगी सवयीने उठली, हात अर्धा वर गेला,
आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.
तेव्हा कळलं, जिथे मी तिहाई टाकायचो
तिथे ऋता श्वास घेते.
तीन वर्षं मी तिला तिथे
श्वास घेऊ दिला नव्हता.

परवा आईच्या गोळ्या आणायला गेलो.
रात्रपाळीचा पोरगा, दुकानात एकटा,
काउंटरवर मोबाइल उलटा ठेवून ऋता लावलेली.
मी कोण त्याला माहीत नाही.
सुटे मोजता मोजता म्हणाला,
'सहाव्या गाण्यात मधेच काहीतरी करकरतं.
जिना चढतं का कोणी?
मी रोज तेवढ्यासाठी मागे नेऊन ऐकतो.'
मी म्हटलं, बघायला हवं.

घरी हेडफोन लावले.
दोन मिनिटं अकरा सेकंद : करर्.
वेत.
मोजून पाहिलं, तर तिथे सम होती.
हात दाबलेले होते,
तरी समेवर आलो होतो मी,
खुर्चीसकट.
आणि ऋताने ते काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोराला सांगायला गेलो.
त्याची पाळी बदलली होती.
जो होता, त्याने विचारलं, काय देऊ?