ओठ

मदिनत झायेदच्या पुढे रस्ता सरळच जातो,
वळायला त्याला कारण सापडत नाही.
नोव्हेंबर सरता सरता तिथे तंबूंचं गाव वसतं
आणि सांडण्या येतात, ट्रकमागून ट्रक.
सौंदर्यस्पर्धा. हसू नका.
टोकदार कान, लांब पापण्या,
वशिंड जरा मागे, उतारावर,
आणि खालचा ओठ लोंबता, ओला;
जितका खाली, तितका भाव वर.

मी सोनोग्राफीवाली.
जेलची बाटली, पांढरा कोट,
थंडीचं निमित्त करून मफलर नाकापर्यंत.
प्रोब ओठावर टेकवायचा आणि पडद्यावर बघायचं
देवाचं किती, डॉक्टरचं किती.
माळेगावच्या जत्रेत बाबा घोड्याचा जबडा उघडून
कानस मारलेले दात अंगठ्याने ओळखायचे.
लेकीने मशीन घेतलं, एवढंच.

बारावा नंबर: नौफा.
धरून आणणारा इद्रीस, सुदानमधल्या कसल्याचा.
मालक दूर गाडीत, काच अर्धी खाली.
चालवून दाखवा, परीक्षक म्हणाले.
ती चालली.

मीही चाललेय, चार घरांत, सतरंजीच्या कडेकडेने.
आईने ग्रहणात विळी हातात घेतली होती,
हे मामी विचारायच्या आधीच सांगून टाकायची.
नांदेडच्या सरकारी दवाखान्यात सात टाके,
त्यातला एक अजून ओढतो, थंडीत.

सांडणीचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला असतो.
प्रत्येकीचा. ग्रहणबिहण काही न लागता.
इथे येईपर्यंत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्या दिवशी मी प्रोब तसाच धरून उभी राहिले होते.

पडद्यावर, नौफाच्या खालच्या ओठात,
भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखे ठिपके.
जेल पुसून पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं.
इद्रीस पडद्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.
"मी नाही," म्हणाला मोडक्या हिंदीत,
"मी तर दूध पाजलं. बाटलीने."
मी लिहिलं: अपात्र.
अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.
गाडीची काच वर गेली.

रात्री कुणाच्या तरी तंबूत ढोल,
जिंकलेल्या मानेवर फासलेल्या केशराचा वास वाऱ्यावर.
मी कुंपणाशी गेले, खिशात खजूर.
नौफाने तोंड पुढे केलं. वरच्या ओठाचे दोन तुकडे
वेगवेगळे हलले, चाचपत, दोन बोटांसारखे.
खालच्याला काही कळेचना.
खजूर वाळूत पडला.
दुसराही पडला.
तिसरा मी त्या फटीशीच धरला.
"इथून घे गं," म्हटलं, मराठीतच,
"इथलं शाबूत आहे."

पलीकडे इद्रीस चहा ढवळत होता.
"ट्रक उद्या?"
"उद्या."
साखर किती, त्याने विचारलं.
दोन चमचे, म्हटलं,
आणि कप घेतला.
मफलर खाली ओढावाच लागला.