पाच काळे ठिपके

बर्फ मी आठच दिवस पाहिला, औलीला,
सत्तेचाळिसाव्या वर्षी, भाड्याच्या बुटांत.
आता होटगी रस्त्यावर पहाटे साडेपाचला
चाकांच्या स्कीवर स्वतःला ढकलत निघतो.
काठ्यांची टोकं डांबरावर टकटक.
दूधवाला हसतो, "ओ काका, बर्फ वितळला की हो तुमचा!"

मैदानाच्या कडेला इरय्या सरांनी
पत्र्याच्या पेटीत बसवलेत पाच काळे ठिपके,
सुपारीएवढे.
धापा टाकत पोचतो, छऱ्यांची बंदूक खांद्याला लावतो,
आणि छातीत यंत्रमाग सुरू,
खटक-खट, खटक-खट,
अशोक चौकातल्या आमच्या शेडमध्ये
तीस वर्षं ऐकला तोच.

"तो बंद करायला जाऊ नका," सर म्हणतात.
त्यांचे वडील मिलमध्ये जॉबर होते.
"धोटा त्या टोकाला पोचतो बघा,
परतायच्या आधी जरासा टेकतो.
तेवढ्यात दाबायचं."

पहिला गेला.
दुसरा लागला, टण्ण!
तिसऱ्याला घाम डोळ्यात.
चौथ्याला वाटलं, जमतंय की,
म्हणून चुकला.
पाचवा कुठं गेला ते त्या भिंतीलाच ठाऊक.

चार चुका, म्हणजे कडुनिंबाला चार फेऱ्या.
पहिल्या फेरीत मान खाली होती.
मग कधीतरी चाकांखाली लिंबोळ्या फुटायला लागल्या,
कडवट-गोड वास नाकात शिरला
आणि मोजणं सुटलं.
सर ओरडले, "ओ गड्डम, झाल्या की चार!"

ऐकू आलं होतं.
तरी आणखी एक मारली.