याच्या आधी नाही

माझी स्वतःची जन्मतारीख एक जून.
हेडमास्तरांनी टाक बुडवला आणि देऊन टाकली,
वर्गातल्या अकरा जणांना एकच.
आणि लोक माझ्याकडे येतात
यंत्रांच्या जन्मतारखा काढून घ्यायला.

ग्रँट रोडच्या पोटमाळ्यावर, दिवा खाली ओढून,
मी आधी कर्णा बाजूला ठेवतो.
कर्ण्यावर विश्वास नाही.
छान हिरवट पडलेला असेल तर मुळीच नाही;
असले कर्णे मटन स्ट्रीटच्या मागे अजून ठोकतात
आणि मीठ-नवसागर चोळून एका रात्रीत म्हातारे करतात.
मग पेटी उलटी. तळाचे स्क्रू.
ज्याच्या खाचेत मळ जसाच्या तसा, तो साक्षीदार.
ज्याची खाच चमकते, तो फितूर.
पट्टीवर पेटंटांच्या तारखा, मुंगीएवढ्या, रांगेत.
त्यातली शेवटची वाचायची.
ती जन्मतारीख नव्हे,
ती एवढंच सांगते:
याच्या आधी नाही.

म्हातारपाखाडीहून कजेतान गोन्साल्विस आला,
टॅक्सीतून, पेटी मांडीवर, पेटीवर चादर,
आजारी माणसाला आणावं तसा.
आजोबांना लग्नात मिळालेला, म्हणाला. अकरा साली.
फक्त कागदावर लिहून द्या, नातवाला दाखवायचंय.

साउंडबॉक्स नंतरचा, तो सोडला.
मोटर अस्सल. दोन स्प्रिंगा, नंबर शाबूत.
झाकणाच्या आत विक्रेत्याचं लेबल: काळबादेवी.
हे दुकान तेवीस सालापर्यंत फोर्टात होतं.
त्यांची दोन सूचीपत्रं आहेत माझ्याकडे,
एक माझ्या आधी वाळवीने वाचलेलं.
तीनदा ताडून पाहिलं.
चोवीस. फार तर पंचवीसचा नाताळ.

अशा वेळी मी चहा मागवतो.

कजेतानने बशी तशीच धरून ठेवली.
"आजोबा तर अठरा साली गेले," तो म्हणाला,
"तापाच्या साथीत. गोदीतून आले ते आडवे झाले."
खाली कुणीतरी शटर अर्धं ओढून थांबलं.
"मग हा घेतला कुणी?"

हा प्रश्न माझा नाही.
माझं काम सालापाशी संपतं.

बराच वेळाने: "आजी."
रोझालिन. घराघरांतला बाटली मसाला कुटायची, पैशावर,
मार्च ते मे, कोपरापर्यंत तांबडी.
एकच फोटो आहे, त्यात हसलेली नाही.
सहा वर्षांची विधवा, पदरात दोन पोरं,
आणि ती ट्रामने काळबादेवीला गेली असेल,
काउंटरवर मोजले असतील खोकला आणणारे रुपये,
आणि घरी आणलं असेल हे,
ज्याचा पोटाला काही उपयोग नाही.
शेजारपाजारच्यांनी विचारलंच असेल.
"लग्नातला आहे," म्हणाली असेल.
मेलेल्या नवऱ्याच्या नावावर खपवला
आणि दार लावून किल्ली फिरवली.

हे "असेल" सगळे कजेतानचे.
मी मध्ये बोललो नाही.

टर्नटेबलची बनात उचलली तर खाली तांबडी पूड.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
त्याने बोटावर घेतली, हुंगली, माझ्यापुढे धरली.
गंज होता.

कागद लिहिला. साल, नंबर, मोटर अस्सल, कर्णा संशयास्पद.
"लग्नातला" हा शब्द मी घातला नव्हता,
त्यानेही मागितला नाही.
जिना अर्धा उतरून तो वर बघत ओरडला,
"तेव्हा किंमत काय असेल हो याची?"

सूचीपत्र काढलं. पान काढलं.
यंत्राचं चित्र होतं, नंबर होता,
किमतीचा रकाना वाळवीने नेला होता,
बरोबर तेवढाच.

"बरीच," मी सांगितलं.
तो पायरीवरच उभा राहून हिशेब करत होता,
शेरात.