सेकंडचा माल

नऊशे रुपयांत सात जणींना काय द्यायचं
हे तीन रात्री कॅलेंडरच्या मागं लिहून पाहिलं.
एकीकडं दुधाचा हिशेब, एकीकडं हा.
मधे गिरवून गिरवून काळं केलेलं एक चौकोन;
तिथं आधी 'स्टीलचे डबे' लिहिलं होतं.

देणं तर आहेच.
मार्चात हे सिव्हिलला एकोणीस दिवस पडून होते,
तेव्हा माझ्या मशीनवर पाळीपाळीनं बसल्या त्या.
आपलं टार्गेट संपवून माझं उरकलं,
शेवटची बस सोडली, चालत गेल्या विडी घरकुलापर्यंत.
कुणी एक शब्द बोललं नाही.
बोलल्या असत्या तर थोडं तिथंच फिटलं असतं.

मार्केट यार्डातून डाळिंबाच्या रिकाम्या पेट्या आणल्या,
पाचला एक.
एकीवर अजून 'एक्स्पोर्ट क्वालिटी' छापलेलं;
ती शमशादला ठेवली, हसेल म्हणून.
तळाला सुताचा भुगा,
लूमवाल्या भाच्यानं पोतंभर दिला फुकट,
वर म्हणाला, "अत्ता, चहा तरी पाज की."

दाणे दोन किलो, दोनशेऐंशी.
लसूण साठ. तिखट घरचं.
यंत्रावर कुटून आणायला वीस मागतात,
ते वीस माझ्या दंडात होते.
तेल सुटेपर्यंत कुटलं,
बरण्यांत दाबून भरलं, बारा रुपयांची एक बरणी.

श्रावंती म्हणाली, "मम्मी, याला हॅम्पर म्हणतात.
मोबाईलवर बघ, एकेकाला बाराशे घेतात."
मी म्हटलं, "तू पेटी म्हण.
आणि तव्यावर लक्ष दे."

ज्वारी नव्वदची. कडक भाकरी केल्या,
पापडागत पातळ, हात लावला की वाजणाऱ्या.
सहा सहाच्या चळती लावल्या.
मोडल्या त्या आम्ही खाल्ल्या.
दोन दिवस घरात सगळं मोडकंच जेवण.

मग नॅपकिन.
अक्कलकोट रोडला गेटच्या बाहेर
सेकंडचा माल किलोवर मिळतो.
दीड किलो, दोनशेसत्तर.
दिवे लागायची वेळ, नीट दिसत नव्हतं,
रंग बघून सात उचलले.

घरी इस्त्री करताना मोरपंखी हातात आला.
काठाला शिवण चालता चालता भरकटलेली,
माणूस बोलता बोलता दुसरीकडं बघतो तशी.
बोट फिरवलं, आणि हात थांबला.
आपला टाका आपल्याला कळतो,
आपल्या अक्षरासारखा.

एप्रिल. कामावर परतून दुसराच दिवस.
चेकरनं हाच उंच धरून विचारलं होतं, "कुणाचा हा?"
मी सुईत दोरा ओवत होते.
दोरा ओवलेलाच होता, तरी ओवत होते.
इरम्मा म्हणाली, "नन्दे. माझा."
चाळीस रुपये कापले तिचे.
जेवणाच्या सुट्टीत तिनं मला लोणचं दिलं,
तेवढंच.

रात्री उसवायला बसले.
म्हटलं सरळ करून देऊ,
निदान ही एक गोष्ट तरी.
निम्मी शिवण निघाली असेल
आणि पाचव्या दिवसाचं पाणी आलं,
अख्ख्या बोळात बादल्यांचा आवाज.
दोन पिंप, एक हंडा, शेजारच्या म्हातारीची घागर.
सगळं भरेपर्यंत अडीच वाजले,
डोळ्याला सुई दिसेना.

सकाळी कन्ना चौकात गजरे घेतले, सात, दहाला एक.
पेट्या सुतळीनं बांधल्या.
इरम्माची शेवटी ठेवली होती.
मोरपंखी तिच्या तळाशी घातला.
काढला.
मग वर ठेवला,
निम्मा वाकडा, निम्मा उसवलेला,
घडी अशी घातली की काठ समोर यावा.
चिठ्ठी लिहायला मला कन्नड येत नाही,
तिला मराठी वाचता येत नाही.

रिक्षात बसले, पेट्या मांडीवर, पायाशी.
कमरेच्या पिशवीत अकरा रुपये उरलेले.
चाळिसाला एकोणतीस कमी.