हजर

भंगारवाल्याच्या काट्यावर ते पावणेचार किलो भरलं.
पिवळा पडलेला डबा, काळी बटणं,
वरच्या अंगाला तांबड्या बटणांची एक रांग.
सत्त्याऐंशी साली, शहापुरातल्या आमच्या शाळेत
चपला बाहेर काढून, हात धुऊन
याच्यासमोर बसायचं. दोघांत एक खुर्ची.

उद्यमबागेत, लेथचा चुरा चुकवत
ते बसलिंगच्या टेबलावर नेलं.
झाकण उघडून त्यानं फुगलेले दोन कपॅसिटर बघितले.
"सत्तहोग्याव," म्हणाला,
आणि मला कळतं हे ठाऊक असून वर मराठीतनं,
"गेलेत की हे."

फ्लॉप्या दहा होत्या. नऊंवर बुरशीची पांढरी वर्तुळं,
भाकरीला येतात तशी.
दहावी त्यानं तीन रात्री बसून वाचून घेतली.
एक तुकडा काही केल्या वाचला गेला नाही,
तिथं त्यानं शून्यं भरली.

मग ड्राइव्हच्या जागी एक बोर्ड बसवलं,
काड्यापेटी दोनदा ठेवल्यासारखं,
पेनड्राइव्हपुरतं तोंड आणि लाल आकडे.
"हे आता फ्लॉपी आहे," बसलिंग म्हणाला.
"मशीनला सांगू नकोस."

आत काहीच फिरत नाही.
तरी दर सेकंदाला पाच वेळा ते कळवतं, फिरले.
मशीन विचारतं, शून्याच्या रेघेवर आहेस?
आहे.
तयार?
तयार.
एक बारका भोंगासुद्धा लावलाय त्याला,
नसलेलं डोकं सरकल्याचा आवाज काढायला.

हलगेकर सर हजेरी घेत.
"सत्तावीस. उगारे नेमिनाथ."
मी वहीत तोंड घालून, आवाज जाड करून,
"हजर सर."
आणि श्वासभर थांबून, माझ्या आवाजात,
"अठ्ठावीस हजर."
सर वर बघत नसत.
बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं.

शिफ्ट धरली. ब्रेक दाबलं. ब्रेक सोडलं.
बूऽऽ, आणि त्याच्या शेपटाला बीप.
लाल आकडा हलला. टिक टिक टिक,
खोटं, आणि अगदी तसंच.
पडद्यावर यादी आली. अकरा नावं.
सातवं: नेमू.

ते चालवलं.
काळ्यावर एक रेघ उठली, तिच्या बगलेत दुसरी,
मग दात. लाल दात, एकाआड एक, खालनं वर,
करवतकाठ. वडगावच्या साडीचा असतो तो,
मागावर विणल्यासारखा सावकाश.
मध्येच दात संपले.
दोन बोटं नुसता काळा काठ गेला.
मग पुन्हा दात,
काही झालंच नाही असे.
"शून्यं," बसलिंग म्हणाला.

नेमूला फोन लावला. तो आता निपाणीत,
तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतो.
म्हटलं, तुझा प्रोग्रॅम सापडला.
"माझा? मी कुठं होतो रे वर्गात?
बाबा अंथरुणाला, मी मागावर.
हजेरी तूच देत होतास. पेपर सोडून
बाकी सगळं तूच केलास की माझं."

मला आठवेना.
पडद्याकडं बघत राहिलो. दात माझ्या हाताचे होते काय?
"खरं काठ आमच्या आईचाच तो," नेमू म्हणाला.
"खड्ड्याच्या कडेला येऊन बसायचास तू वही घेऊन.
ती ओरडायची, पाय काढ, सूत तुटतंय."

मग थोडा वेळ वखारीतला पंखा ऐकू आला.

"गेलेत किती दात?"
मोजले नाहीत, म्हटलं.
"थांब. आज इथंच आलीय ती, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायला.
बोटं चालत नाहीत, खरं मोजणी सगळी तोंडात आहे.
ए आई,"

आणि लांबनं, फोनपासनं दोन हात लांबनं,
आकडे यायला लागले,
चार सोड, तीन धर, परत चार,
बसलिंग टेबलावर कागद शोधत होता,
मी म्हणत होतो, होय,
होय काकू, ऐकतोय.